डावीकडं लाल लागू न्हाई

"डावीकडं वळायला लाल लागू न्हाई. आन् ह्याच्यावर प्रश्न इचारायचा न्हाई."

हे वाक्य माझ्या मोठ्या काकांचं, म्हणजे अण्णांचं. काळेवाडीत आमचं मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. अण्णा गाडी शिकवतात, बाबा ऑफिस आणि आरटीओची कामं बघतात. बी.कॉम. झाल्यावर मैत्रिणी बँकेच्या परीक्षांना बसल्या आणि मी बायकांची बॅच शिकवायला लागले. अण्णांच्या हाताखाली अर्धी काळेवाडी गाडी शिकली असं बाबा अभिमानानं सांगतात. मी त्यात एवढंच घालते, की म्हणूनच अर्धी काळेवाडी डावीकडे वळताना सिग्नलकडे बघत नाही.

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते शेंगदाण्याच्या टरफलांसारखे सीटखाली साठत राहतात, गाडी झाडायला घेतली की निघतात. आजवर मी ते मैत्रिणींना हसत हसत सांगायचे. मग याच वाक्यापायी आमच्या एका विद्यार्थिनीच्या, शुभांगीताईंच्या, गळ्यात एक अपघात बांधायची तयारी आमच्याच घरात सुरू झाली, आणि हसू जरा आटलं. त्या किश्शापर्यंत येतेच.

आधी खरा नियम सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी मलाच शिकवायला येईल. सिग्नल लाल असेल तर डावीकडे वळणाऱ्यानंही थांबायचं. तिथे तशी पाटी लावलेली असेल किंवा डावीकडचा हिरवा बाण लागला असेल, तरच वळायचं. आणि तेव्हाही पायी चालणारा आधी जाणार, आपण नंतर. एवढंच आहे. यात न कळण्यासारखं काय आहे, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

* * *

लर्निंग लायसनसाठी कॉम्प्युटरवर परीक्षा असते. अण्णांचे विद्यार्थी त्यात एका प्रश्नाला हमखास आपटायचे. लाल सिग्नलला डावीकडे वळायचंय, काय कराल? सगळे एकजात 'न थांबता वळू' यावर बोट ठेवायचे.

एकदा एक निवृत्त हेडमास्तर नापास होऊन आले. एका मार्कानं गेले होते. जन्मभर दुसऱ्यांना नापास केलेला माणूस, चेहरा बघवत नव्हता. ऑफिसात येऊन थेट अण्णांसमोर उभे राहिले.

"तुम्ही सांगितलेलं उत्तर चुकीचं निघालं."

अण्णा गडबडले नाहीत. "गुरुजी, ते कॉम्प्युटरचं उत्तर हाय. मी तुमाला रस्त्याचं शिकवलं."

"म्हणजे उत्तरं दोन आहेत?"

"दोनच की. पेपरला थांबा, रस्त्याला चला."

मला वाटलं, आता गुरुजी अण्णांना बाकावर उभं करणार. त्यांनी खिशातून पेन काढलं, हे वाक्य तळहातावर लिहून घेतलं आणि पुढच्या खेपेला पास झाले. त्यानंतर आमच्याकडे शिकवायची पद्धतच ती पडली. अण्णा प्रत्येक बॅचला सांगायला लागले, "पेपरला थांबा, रस्त्याला चला." मी म्हटलं, "अण्णा, मग परीक्षा कशाची घेतात?" तर म्हणाले, "पाठांतराची."

* * *

माझ्या पहिल्याच बॅचमधली गोष्ट. गाडी चालवत होत्या एक डेंटिस्टबाई. दुसऱ्याच्या दातांना न घाबरणारी बाई स्टिअरिंगला मात्र दोन्ही हातांनी लोंबकळायची. मी त्यांच्या डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या सीटवर. आमच्या गाड्यांत त्या सीटच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो, म्हणजे शिकणारा चुकला तर शिकवणारा गाडी थांबवू शकतो.

डावीकडे वळायचं होतं, सिग्नल लाल लागला. मी म्हटलं, "थांबा." त्या थांबल्या. झालं, मागे हॉर्नचा नुसता धुरळा उडाला. बाई घाबरल्या, क्लच सुटला, गाडी बंद.

मागच्या टेम्पोतून एक दादा उतरून खिडकीशी आला. चांगला माणूस हो, आवाजात काळजी होती.

"मॅडम, बंद पडली का?"

"नाही, सिग्नल लाल आहे."

"ते दिसतंय. पण गाडीला काय झालंय?"

मी पुन्हा सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच बंद पडलेय. मग मागे वळून हाक दिली, "या रे, दोघं-तिघं या, लेडीज आहेत." मी नको नको म्हणेपर्यंत चौघांनी मागून हात लावला होता. डेंटिस्टबाईंनी डोळे मिटून घेतले. मी ब्रेक दाबायच्या आत आमची गाडी चौकाच्या आत, लाल सिग्नलला, इंजिन बंद असताना.

समोरून एक पीएमटीची बस करकचून थांबली. तिच्या ड्रायव्हरनं जे काही सांगितलं ते इथे लिहीत नाही. हवालदार शिट्टी वाजवत आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतक्या वर्षांच्या नोकरीत सिग्नल तोडणारे लई पाहिले. ढकलत तोडणाऱ्या तुम्हीच."

संध्याकाळी अण्णांना हे कळलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. "मी सांगत हुतो तुला. थांबलं की अपघात हुतोय." पुढचे कितीतरी दिवस माझी ओळख तीच होती. ऑफिसात कोणी आलं की बाबा म्हणायचे, "ही आमची स्नेहल. हिला धक्का मारावा लागतो."

* * *

एका चौकात तर डावीकडे वळायची पाटी आम्हीच लावली होती. म्हणजे लावली होती वेगळ्या कारणानं.

आमचं ऑफिस त्या चौकातून डावीकडच्या गल्लीत आहे. नव्या माणसाला सापडत नाही, म्हणून अण्णांनी एक पत्रा रंगवून घेतला आणि सिग्नलच्या खांबाला तारेनं बांधला. 'मोटार ट्रेनिंग स्कूल', आणि खाली डावीकडे तोंड केलेला हाताएवढा हिरवा बाण.

पंधरवड्यात त्या चौकात डावीकडे कोणी थांबेना. आधीही फारसं थांबत नव्हतं, पण आता लोक बिनधास्त झाले. हवालदारांनी अडवलं की खांबाकडे बोट दाखवायचे, "ही काय पाटी, साहेब. बाण आहे. हिरवा आहे." एकानं तर पुढे जाऊन सांगितलं, "आणि शाळेनंच लावलाय, म्हणजे बरोबरच असणार."

शेवटी हवालदार पत्रा काढून घेऊन ऑफिसात आले आणि त्यांनी तो टेबलावर आपटला. बाबांचा चेहरा पडला. अण्णांनी मात्र पत्रा उचलला, बोटानं धूळ पुसली आणि विचारलं, "साहेब, खरं सांगा. ह्या पाटीनं ट्रॅफिक सुटत हुतं का न्हाई?"

हवालदार दमलेले होते. टोपी काढून खुर्चीत बसले. "सुटत होतं हो अण्णा. पण रस्ता ओलांडायला उभी राहणारी माणसं तिथेच उभी राहत होती."

मी त्यांना पाणी दिलं. अण्णांनी चहा सांगितला. मग क्रिकेटचा विषय निघाला.

* * *

आता शुभांगीताई.

मूळच्या लातूरकडच्या. नवऱ्याबरोबर इकडे आल्या, चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला लागल्या. कंपनीला शिफ्टच्या बायकांची ने-आण करायला बायका ड्रायव्हर हव्या होत्या. आपल्याच कामगारांतून कोणी शिकून लायसन काढलं तर तिला घेणार, असं ठरलं. ताईंनी पहिला हात वर केला. मला म्हणाल्या, "दिवसभर उभं राहून पाय सुजायलेत, ताई. बसून करायचं काम हाय आन् पगार बी जास्तीचा. मला काहीबी करून हे लायसन पायजे."

शिकायला अशा पक्क्या, की एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मी सांगितलं, लाल म्हणजे थांबायचं, डावीकडे वळायचं असलं तरी. त्या थांबायच्या. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो. "वाजवू द्या," म्हणायच्या. "लग्नात बी वाजवतेत."

एकदा मी त्यांना मुद्दाम चाकणकडे घेऊन गेले. पुढे त्यांना तोच रस्ता चालवायचा होता. एका चौकात सिग्नल लाल, आम्ही थांबलेल्या. आमच्या उजवीकडे लांबलचक ट्रेलर, कुठल्यातरी कंपनीच्या नव्या गाड्या लादलेला. आमच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक बाइकवाला, अंगात कंपनीचं जॅकेट. ट्रेलरवाल्यानं लाल बघितला, उजवीकडे नजर टाकली, तिकडून कोणी येत नाही म्हटल्यावर डावीकडे वळायला घेतलं.

ट्रेलरचं तोंड लांबून वळतं, पण मागची चाकं कोपरा कापत येतात. ती चाकं सरळ त्या बाइकवाल्याकडे यायला लागली. तो ओरडत होता. ड्रायव्हर अजून उजवीकडेच बघत होता.

ताईंनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन आमच्याच दरवाज्यावर थापा मारत होते. बाइकवाल्यानं बाइक सोडून दिली आणि फुटपाथवर उडी टाकली. बाइकचं पुढचं चाक ट्रेलरखाली पापडासारखं झालं, तेव्हा कुठे ट्रेलर थांबला.

ड्रायव्हर खाली उतरला. बाइक बघितली, माणूस बघितला, आणि म्हणाला, "लेफ्ट तो फ्री होता है ना, भाऊ?" तो खरंच विचारत होता.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. माझं काम डावीकडच्या सीटवरचं आहे. लाल सिग्नलला डावीकडे वळणारा प्रत्येक माणूस मान उजवीकडे करतो, गाड्या तिकडून येतात म्हणून. रस्ता ओलांडणारा माणूस असतो डावीकडे, माझ्या बाजूला. चालवणाऱ्याला मोकळा रस्ता दिसतो आणि मला माणसाचा चेहरा दिसतो. हे मी अण्णांना सांगितलं. ते तर माझ्या जन्माच्या आधीपासून त्या सीटवर बसतायत. म्हणाले, "मग बघत जा की. तेचाच तर पगार हाय तुला."

* * *

मध्ये बाबांना कॅमेऱ्यानं पकडलं. मोबाइलवर दंडाचं चलन आलं, सोबत फोटो. बाबांची स्कूटर डावीकडे वळतेय, वर लाल दिवा, नंबर स्पष्ट. हेल्मेटमधून मिशीसुद्धा दिसत होती.

बाबांनी फोटो मोठा करून बघितला, लहान करून बघितला. अण्णांनी बघितला. अण्णा म्हणाले, "मशीन हाय ते. तेला काय कळतंय डावं-उजवं."

मी म्हटलं, "बाबा, भरून टाका आणि आता तरी थांबत जा."

बाबांनी चलन भरलं. दुसऱ्या दिवसापासून ते त्या चौकातून जायचे बंद झाले. मागच्या गल्लीनं जातात. तिथे सिग्नल नाही.

* * *

आणि मग ती सकाळ.

शुभांगीताईंची टेस्ट जवळ आली होती. अण्णा म्हणाले, "शेवटचा हात मी बघतो. तुझ्या हाताखाली बाया थांबायलाच जास्ती शिकतात." ते शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले. पुढची बॅच माझी होती, म्हणून मी मागच्या सीटवर. आमच्याकडे असंच चालतं, पुढच्याची वेळ होईपर्यंत तो मागे बसून बघतो.

अण्णांची एक सवय आहे. गाडी सुरू झाली, विद्यार्थी बरा चालवतोय असं दिसलं, की ते चप्पल काढून सीटवर मांडी घालतात. गुडघे दुखतात म्हणतात. त्यांचा ब्रेक खाली मोकळाच असतो.

चौक आला. सिग्नल लाल. पाटी नाही, बाण नाही. ताईंनी डावीकडचा इंडिकेटर दिला आणि गाडी पांढऱ्या रेषेच्या अलीकडे, अगदी बेतानं उभी केली. मला मनातून बरं वाटलं.

"का थांबलाय?" अण्णा म्हणाले.

"लाल हाय, अण्णा."

"लेफ्ट फ्री हाय. घ्या."

"पर स्नेहलताई थांबायला सांगतेत."

"ताईला मीच शिकवलंय. घ्या."

मी मागून म्हटलं, "अण्णा, लाल आहे. थांबू द्या ना त्यांना."

"तू गप बस गं. मागं किती गाड्या लागल्यात बघ. घ्या, ताई, घ्या. उजवीकडं बघा, मोकळं हाय, घ्या."

ताईंनी उजवीकडे बघितलं. मोकळं होतं. त्यांनी घेतली.

डावीकडून एक गृहस्थ रस्त्यावर उतरले होते. सिक्युरिटी गार्डचा निळा शर्ट, हातात डबा. त्यांच्यासाठी पायी चालायचा दिवा हिरवा होता. मी ओरडले. ताईंनी ब्रेक दाबला, पण तोवर बंपर लागला होता. ते पडले, आणि पुढचं चाक त्यांच्या घोट्यावर जाऊन थांबलं. अण्णा मांडी सोडवत होते. त्यांचा पाय ब्रेकवर पोचला, तेव्हा गाडी थांबलेली होती.

डबा गडगडत दुभाजकापर्यंत गेला. ताई स्टिअरिंग धरून म्हणत होत्या, "मी थांबले हुते. मी थांबले हुते ना, ताई?"

गर्दी जमली. आम्ही त्या गृहस्थांना उचललं, मागच्या सीटवर घेतलं. गाडी मी चालवली. घोट्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते हे, की ड्यूटीवर कोणी कळवलं का.

पण त्याच्याही आधी, चौकात, हवालदार आले तेव्हा अण्णांनी पहिलं वाक्य म्हटलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "बाई घाबरली, साहेब. सांगितलं नसताना तिनं एकदम वळवली."

* * *

जबाब द्यायला सोमवारी चौकीत बोलावलं होतं. रविवारी सकाळी ऑफिसात बैठक बसली. शटर अर्धं खाली. अण्णा, बाबा, आणि राजगुरुनगरहून मुद्दाम बोलावलेले नाना. नाना म्हणजे बाबांचे मामा. भाऊबंदकीत काही झालं की तेच मिटवतात. शुभांगीताईंना बोलावलं होतं, सोबत त्यांचे सासरे आले होते. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर, पर्स मांडीवर घेऊन. रडून झालेलं होतं, ते दिसत होतं.

नानांनी सुरुवात केली. "हे बघा, त्या माणसाचा समदा खर्च आमी करतोय. त्येच्यात मागंपुढं न्हाई. राहिलं जबाबाचं. अण्णानं सांगितलंय तसंच बाईंनी सांगायचं. नवीन हाय, घाबरली, वळवली. शिकणाऱ्याकडून व्हतंय. अण्णाचं नाव आलं तर स्कूलचा परवाना जातोय, अन् ह्या वयात तेला चौकीच्या पायऱ्या."

ताईंचे सासरे हात जोडूनच बसले होते. "आमचं कायबी म्हणणं न्हाई. सून गाडीवर नवी हाय, चूक झालीच आसंल. मोठी माणसं सांगतेत तसं करू."

"तिचं काय जातंय?" नाना म्हणाले. "लायसनच अजून झालेलं न्हाई."

मी दारात उभी होते. म्हटलं, "तिची नोकरी जाते. अपघात अंगावर असलेली ड्रायव्हर कुठली कंपनी घेईल, नाना?"

"पॅकिंगची हाय की नोकरी. बाईमाणसाला ड्रायव्हरकी कशापायी?"

ताईंनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. सासरे शेजारीच होते.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या काचेखालचा देवाचा फोटो बघत म्हणाले, "स्नेहल, गाडीत मागे तू होतीस. तुला विचारणारच. तू खोटं सांगू नकोस, मी तसं म्हणत नाही. फक्त म्हण, मागे होते, पुढचं नीट ऐकू आलं नाही."

"मला ऐकू आलं."

"हॉर्न वाजत होते."

"हॉर्न वाजत होते आणि मला ऐकू आलं. अण्णा 'घ्या' म्हणाले. चार वेळा म्हणाले, पाच वेळा म्हणाले, मी मोजलं नाही. मी 'थांबू द्या' म्हटलं, तर मला 'गप बस' म्हणाले. तेही ऐकू आलं."

अण्णा पहिल्यांदाच बोलले, आणि आवाज चढवून बोलले. "आगं, मी तिचं वाईट केलं का? मी ज्ये सगळ्यांना शिकवलं तेच तिला सांगितलं. डावीकडं लाल लागू न्हाई. माझ्या बापानं टेम्पो चालवला तवापासनं न्हाई. इचार नानांना."

"न्हाईच लागू," नाना म्हणाले. "आमी तर ट्रॅक्टर घालत हुतो. कोण थांबतंय डावीकडं? खुळं असल ते थांबल."

"व्हय का न्हाई?" अण्णांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. ताईंच्या सासऱ्यांनीही हलवली, त्यांना कोणी विचारलं नव्हतं तरी.

मी खुर्ची ओढली आणि बसले. मोठ्यांच्या बैठकीत आमच्याकडे मुली बसत नाहीत. नानांच्या कपाळावर आठी आली.

"म्हणजे डावीकडे फ्रीच असतं," मी म्हणाले.

"असतंयच," अण्णा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही तिला काही चुकीचं सांगितलं नाही."

"न्हाईच सांगितलं."

"नाना, तुमचंही हेच म्हणणं? बाबा, तुमचं?"

"कितीदा सांगायचं, पोरी," नाना म्हणाले. "अण्णानं चुकीचं काय बी सांगितलेलं न्हाई."

"मग अण्णांनी सांगितलं, हे लपवायचं कशाला?"

नानांनी तोंड उघडलं आणि अण्णांकडे बघितलं. अण्णांनी बाबांकडे. बाबा अजून काचेखालीच बघत होते.

"उद्या आपण सगळेच जाऊ," मी म्हटलं. "अण्णा, तुम्ही सांगा, लाल होता, मीच 'घ्या' म्हटलं, कारण डावीकडे लाल लागू नाही. नाना, तुम्ही साक्ष द्या. चूकच नाही तर भीती कसली? आणि चूक असेल तर ती ताईंची नाही. मला ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. घरातून काढायचं तर काढा."

शटरखालून येणारं ऊन नानांच्या चपलांपर्यंत आलं होतं. कोणीतरी चहाचा कप बशीत ठेवला.

शुभांगीताई स्टुलावरून उठल्या. सासऱ्यांनी "सूनबाई" म्हटलं. त्यांनी पदर नीट केला, पर्स खांद्याला लावली आणि मला विचारलं, "चौकीत किती वाजता जायचं, ताई?"

"दहा."

"मी पावणेदहाला येते," त्या म्हणाल्या, आणि वाकून शटरखालून बाहेर गेल्या.